जुनं हार्वेस्टर घेतलं, पाच हंगाम वापरलं, आता सांगतो

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवते ना, सवंगून (हातानं कापून) लावलेल्या सोयाबीनच्या सुड्यांना, म्हणजे ढिगांना, कोंब फुटले होते. आमच्या वाशिमकडे ताडपत्री झाकूनही खालून पाणी गेलं, मजूर मिळेना, थ्रेशरवाला परवा येतो परवा येतो म्हणत रायला अन् भाड्याचं हार्वेस्टर रोडवरच्या मोठ्या वावरातून निघेचना. तेव्हाच बाबा म्हणाले, जुनं का होईना पण घरचं पाहिजे. पुढच्या वर्षी पंजाबातून २००८ चं मॉडेल आणलं, १४ फुटी कटर बार (पुढचा पीक कापणारा दांडा), लेलँडचं इंजिन. भावकीतल्या चौघांचं मिळून साठ एकर हाये, म्हणून परवडलं. वीस एकरवाल्यानं एकट्यानं घेऊ नये.

मला सगळ्यात आवडलं ते हे की यात सेन्सर-बिन्सर काही नाही. पट्टे, पुल्या, चेन अन् बेरिंग. बेरिंगवरचा नंबर वाचायचा, अकोल्यात बेरिंगच्या दुकानात मिळून जाते, पट्ट्याचंही तसंच. दादानं पहिल्याच उन्हाळ्यात पूर्ण खोललं अन् स्वतः जोडलं, त्यामुळे आता नुसता आवाज बदलला तरी कुठलं बेरिंग जाऊन रायलं ते त्याला कळते. दोन वर्षांमागं ढग दाटून आले तेव्हा अंधार पडेपर्यंत चालवून बारा एकर काढलं, माल घरात आला अन् रात्री पाऊस सुरू झाला. त्या दिवशी बाबा रात्री जेवतानाही मशीनबद्दलच बोलत होते.

सेटिंग मात्र शिकावीच लागते. गव्हाला दाणे झोडणारा ड्रम जोरात लागते, सोयाबीनला तोच वेग ठेवला तर दाण्याची डाळ होते. आम्ही मिनिटाला साडेचारशे-पाचशे फेऱ्यांवर ठेवतो अन् ड्रमखालची जाळी दुपारी थोडी मोकळी करतो, काहून की सकाळी दव असते तेव्हा शेंग चिवट रायते अन् उन्हात तीच शेंग कटर बार लागताच फुटते. मागं उतरून जमिनीवरचे दाणे पहायचे, दर तासाला, यात आळस केला की क्विंटलभर माल वावरातच. जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणाच्या खालच्या शेंगा जमिनीजवळ असतात, म्हणून पेरताना जमीन सपाट पाहिजे, दगड वेचलेले पाहिजे.

आता त्रास. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्या तर हे मशीन वावरात शिरूच शकत नाही, आम्हाला तूर वेगळ्या तुकड्यात न्यावी लागली. दुसरं कुटार, म्हणजे भुसा. थ्रेशरखाली ढीग पडते, हार्वेस्टर सगळं वावरात फेकते, अन् आईला ते अजूनही पटलं नाही. ती म्हणते, 'अरे, पीक घरी आणलं पण बैलांनी काय खावं?' तिचं बरोबर हाये. म्हणून चार एकर आम्ही हातानंच सवंगतो, कुटारही मिळते अन् बियाणंही तिथलंच ठेवतो, हार्वेस्टरच्या माराने सालटं फुटलेलं सोयाबीन बियाण्याला चालत नाही, उगवण मार खाते. पावसानंतर काळ्या जमिनीत घाई करू नका, एकदा चाक रुतलं तर दोन ट्रॅक्टर लावूनही अर्धा दिवस गेला.

हंगाम संपला की पट्टे ढिले करून ठेवा अन् आतलं कुटार ब्लोअरनं झाडून काढा, नाहीतर उंदीर घर करतात अन् वायरी कुरतडतात. सायलेन्सरजवळ साचलेलं कुटार तर चालू हंगामातही रोज काढायचं, आग लागते.

घ्यायला जाल तेव्हा नव्या रंगावर जाऊ नका. आमच्या दलालानं चाळणीच्या पेटीचा सडलेला पत्रा रंगाखाली झाकला होता, तो बदलायला पहिल्या वर्षी चाळीस हजार गेले. झाकणं उघडून ड्रमचे दात, जाळीच्या तारा हातानं चाचपा, इंजिन थंड असताना स्टार्ट करायला लावा अन् एक तास पिकात चालवूनच पैसे द्या. आमची जाळी यंदा झिजली हाये, दिवाळीआधी बदलून घेतो.