पेंट मार्कर : काही महिन्यांच्या वापरानंतर (तक्रार मुख्यतः पांढऱ्याची)

माझ्या पेंट मार्करच्या (आत पातळ रंग भरलेल्या पेनांच्या) संचातला पांढरा पुन्हा बंद पडला, म्हणून लिहायला बसले. संचातले बाकीचे रंग उत्तम चालताहेत. पण चित्र पूर्ण होत आलं की डोळ्यांतली चमक आणि कडांवरचा उजेड द्यायला पांढराच लागतो, आणि नेमका तोच कागदावर कोरडा ओरखडा काढतो. विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं की उघडलेला संच बदलून मिळत नाही, आणि सुटा पांढरा किंवा सुटी निब ते ठेवत नाहीत. जो भाग सगळ्यात आधी झिजतो तोच सुटा विकायचा नाही, याचा मला मनापासून राग आहे.

पांढराच का अडतो, याला कारण आहे. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. हे रंगद्रव्य जड, त्यामुळे लवकर तळाशी बसतं. मार्कर निब वर करून उभा ठेवला तर निबेत नुसतं पाणचट द्रव येतं. निब खाली करून ठेवला तर सगळा साका तिथेच घट्ट होतो. म्हणून मार्कर आडवेच ठेवायचे. वापरण्याआधी टोपण लावून, आतली गोळी मोकळी खडखडेपर्यंत हलवायचे. निब दाबून रंग उतरवायचा तो रद्दी कागदावर. चित्रावर दाबलात तर निबेमागची, रंग सोडणारी झडप उघडते आणि भलामोठा थेंब पडतो.

सुरुवातीला मी याला ‘घेऊ नका’ म्हणणार होते. मत बदललं ते निब काढून पाहिल्यावर. चिमट्याने सरळ ओढली, कोमट पाण्यात धुतली, सुकवली आणि उलटी बसवली, कारण माझ्या मार्करची निब दोन्ही टोकांना सारखीच आहे. पांढरा नव्यासारखा चालू लागला! आता मात्र दोन्ही टोकांचे तंतू पिंजारलेत. धुऊन भागत नाही, नवी निबच हवी. खरखरीत कागदावर हे फार लवकर होतं. गुळगुळीत, जाड कागद घ्या.

रंगांबद्दल मात्र मी खूश आहे. अल्कोहोल मार्करमध्ये फिक्याकडून गडदकडे जावं लागतं, कारण ते पारदर्शक. इथे काळ्या कागदावर थेट गुलाबी उठतो. फक्त खालचा थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर दुसरा हात फिरवताना पहिला उखडून येतो. पिवळ्याखाली पेन्सिलची रेघ राहू देऊ नका. शिसं निबेला लागतं आणि पिवळा मळतो. शिवाय पिवळा तसाही कमी झाकतो. गडद रंगावर तो हवा असेल तर आधी खाली पांढरा द्या. म्हणजे पुन्हा पांढराच खर्च!

नव्याने सुरू करणाऱ्यांनी मोठ्या संचाच्या मोहात पडू नये. थोडे रंग, दोन पांढरे. पोस्का या 1983 पासून चालत आलेल्या पेंट मार्करच्या मापांत सांगायचं तर 0.9–1.3 मिमीची निब भरायलाही चालते आणि रेषेलाही, बारकाव्यांसाठी 0.7 मिमीचा एक पांढरा. माझा संच पोस्काचा नाही, पण त्याची मापं जवळपास हीच आहेत.

मोलोटो या कंपनीच्या वन4ऑल या पेंट मार्करच्या मालिकेत सुटी निब मिळते आणि भरायचा रंगही. पुढचा पांढरा मी त्यातलाच घेणार आहे.