अमेरिकन जनगणनेतून सासूबाईंचं इंग्लंड शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘आमचे मूळचे इंग्लंडचे’ एवढं एकच वाक्य सासूबाईंच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. इंग्लंडमधलं गाव कुठलं, आधी कोण आलं, का आलं, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि त्याही जन्मापासून इथल्याच, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी जनगणनेचे जुने कागद उघडले आणि अजून त्यातच आहे. निकाल आधीच सांगून टाकते. इंग्लंडहून आलेलं कुटुंब अमेरिकेत शोधायला यापेक्षा चांगलं साधन नाही. पण त्यांचं इंग्लंडमधलं गाव शोधायला हे साधन जवळजवळ निरुपयोगी आहे. वंशावळीच्या एखाद्या साइटची वर्गणी भरायच्या आधी एवढं माहीत असलेलं बरं.

याचं कारण साधं आहे. जन्मस्थळाच्या रकान्यात परदेशातून आलेल्याच्या फक्त देशाचं नाव लिहायचं, असा गणकांना हुकूम होता. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत गाव सांगितल्याशिवाय आपलं पान निघत नाही. इथे पान निघतं, माणसं दिसतात, भाडेकरूसुद्धा दिसतात, आणि गावाच्या जागी नुसतं ‘इंग्लंड’.

सुरुवात अलीकडून करून मागे जायचं. ही खानेसुमारी ७२ वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे सध्या सगळ्यात ताजी १९५०ची, ती १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर ती फुकट पाहता येते. तिथली नावं यंत्राने अक्षर वाचून टिपली आहेत आणि काही ठिकाणी वाचन अगदीच विनोदी आहे, पण चूक दिसली तर दुरुस्ती आपणच सुचवू शकतो. त्यात तान्ह्या वयाच्या सासूबाई आईवडिलांसकट सापडल्या. तेव्हापासून त्या दर रविवारी ‘पुढे काय मिळालं?’ विचारतात, आणि मला सुटका नाही.

१९४० आणि १९३० मी भराभर ओलांडले. दोन गोष्टी मात्र आवडल्या. १९४०मध्ये माहिती कुणी दिली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते. त्याआधीच्या कागदांवर ही सोय नाही, म्हणजे उत्तरं घरच्यांनी दिली की शेजारणीने, कळायला मार्ग नाही. आणि १९३०मध्ये घरात रेडिओ आहे का, हे सरकारने चक्क विचारलं होतं. यांच्याकडे होता.

खरी मेजवानी १९००ची. त्या साली जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, अमेरिकेत कोणत्या वर्षी आले, नागरिकत्व मिळालं की नुसता अर्ज केलाय, हे सगळं विचारलं होतं. बायकांना आणखी दोन प्रश्न होते: मुलं किती झाली, आणि त्यातली हयात किती. सासूबाईंच्या खापरपणजीच्या ओळीत नऊ आणि पाच असे आकडे आहेत. घरात त्या चार मुलांची नावं कुणी कधी घेतली नव्हती. मी सासूबाईंना ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला नाही.

आल्याच्या वर्षावर मात्र फार विसंबू नका. १९००, १९१० आणि १९२० या तीन गणनांत एकाच माणसाची तीन वेगळी वर्षं मी पाहिली आहेत. तीस-चाळीस वर्षांनी आठवून सांगितलेला आकडा तो. वयाचंही तेच, दहा वर्षांत काही बायका सहाच वर्षांनी मोठ्या होतात.

१९०० वरून मागे जाताना पायाखालची फळी निसटते. १८९०ची गणना जवळजवळ संपूर्ण गेली. जानेवारी १९२१मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, आगीतून वाचलं ते पाण्याने खराब झालं, आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच निकालात काढले. काही राज्यांच्या स्वतःच्या गणना होत्या, त्यांचा इथे आधार होतो. न्यू जर्सीच्या १८८५ आणि १८९५च्या आहेत. पण त्यात जन्माचे वर्ग असे: इथला, आयरिश, जर्मन आणि बाकी सगळे. इंग्लंडवाले ‘बाकी सगळे’त! साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणतात, तेव्हाची गोष्ट.

१८८०मध्ये पहिल्यांदा कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलं गेलं आणि आईबापांची जन्मस्थळंही. त्याच्या आधी, १८५० ते १८७०, एका घरात सगळ्यांची नावं आहेत पण कोण कुणाचं, ते आपण ताडायचं. १८५०च्या मागे तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची नुसती मोजदाद. तुमचे इंग्रज पूर्वज १८२०च्या सुमारास आले असतील, तर जनगणनेकडून फार आशा ठेवू नका.

आमचा प्रश्न सुटला तो १८७०च्या एका पानावर, आणि तोही मुलांमुळे. गाव न्यू जर्सीतलं पॅटरसन. बाप रेशमाच्या गिरणीत विणकर, जन्म इंग्लंड. आईचंही तेच. थोरली मुलगी नऊ वर्षांची, जन्म इंग्लंड. मधली सहा, जन्म इंग्लंड. धाकटा तीन वर्षांचा, जन्म न्यू जर्सी. हा धाकटा म्हणजे सासूबाईंचे पणजोबा. गणनेची तारीख १ जून १८७०, म्हणजे कुटुंब १८६३ ते १८६७च्या दरम्यान कधीतरी समुद्र ओलांडून आलं. आल्याच्या वर्षाचा रकाना त्या साली नव्हताच, पण मुलांच्या वयांनी तो भरून दिला. आणखी महत्त्वाचं म्हणजे, थोरली मुलगी जून १८६० ते मे १८६१ या काळात इंग्लंडमध्ये जन्मली. इंग्लंडची जनगणना ७ एप्रिल १८६१ची. म्हणजे ती पोर त्या रात्री तिथे पाळण्यात असण्याची शक्यता भरपूर.

कुठे शोधायचं, याचा धागा धंद्याने दिला. पॅटरसनच्या रेशमात चेशायर परगण्यातल्या मॅकल्सफील्डची माणसं भरली होती. पॅटरसनच्या रेशीम धंद्याचा जनक म्हणतात तो जॉन राइलही मॅकल्सफील्डकडचाच. १८६०मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी व्यापार करार केला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि मॅकल्सफील्डचे माग थंडावले. इकडे अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात आयात रेशमावर जबर जकात बसली आणि इथल्या गिरण्यांना कारागीर हवे झाले. विणकर निघाले. तुमचे पूर्वज विणकर नसतील तरी ही युक्ती लागू पडते. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचा किंवा ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलचा कुंभार असेल तर आधी स्टॅफर्डशायर बघा, मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरच्या सूतगिरणीतला असेल तर लँकेशायर, आणि मिशिगनच्या तांब्याच्या खाणीतला असेल तर कॉर्नवॉल. म्हणून धंद्याचा रकाना वाचायचा कंटाळा करू नका. पानावरचे शेजारीही वाचा. आमच्या पानावर वरखाली ओळीने इंग्लंडचे रेशीमवाले आहेत.

१८६१च्या इंग्लिश गणनेत तिघं सापडली: बाप, आई आणि सात महिन्यांची मुलगी. तिथे मात्र जन्माचं गाव लिहिलेलं असतं. बाप मॅकल्सफील्डचा, आई शेजारच्या बॉलिंग्टनची. पुढचं काम इंग्लंडच्या जन्मनोंदणीच्या सरकारी सूचीने केलं. ही सूची १८३७पासूनची आहे, खातं उघडलं की फुकट शोधता येते, आणि त्यात आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. ते हातात आलं की लग्नाची नोंद शोधणं सोपं. एकाच नावाचे तीन विणकर त्याच गावात होते, पण त्या आडनावाची बायको एकाचीच होती.

आता तक्रारी. यांचं आडनाव ‘ह’ने सुरू होतं आणि चेशायरकडच्या बोलीत तो ‘ह’ गिळतात. गणकाने जे कानावर पडलं ते लिहिलं, म्हणजे हॅरिसन असेल तर ॲरिसन. सारख्या उच्चाराची नावं एकत्र आणणारी साउंडेक्स ही पद्धत इथे उपयोगी पडावी, तर ती नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. हॅरिसनचा कोड एच६२५, ॲरिसनचा ए६२५, आणि शोधात दोघांची भेट होत नाही. यावर माझा उपाय म्हणजे आडनाव रिकामं सोडायचं आणि मुलांची नावं, वयं, परगणा घालून शोधायचं. तेही फसलं तर पत्ता घेऊन पान न् पान चाळायचं. १८८०पासूनचे गणना-विभाग, म्हणजे एकेका गणकाला नेमून दिलेले भाग, शोधायला स्टीव्ह मोर्स यांची वन-स्टेप साइट आहे. इंटेलची ८०८६ चिप ज्यांनी आखली तेच हे गृहस्थ. साइटचं रूप त्याच जमान्यातलं वाटेल, पण काम चोख.

पैसे घेणाऱ्या एका साइटची वर्गणी मी घेतली होती. चित्रं स्पष्ट, शोध वेगवान. पण ‘तुमच्या पूर्वजाबद्दल नवी माहिती’ म्हणून ती जे सुचवते, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी डोळे मिटून केलेल्या वंशावळी असतात. आमच्या विणकराला त्यातल्या एकीत यॉर्कशायरचा जमीनदार बाप मिळाला होता, आणि ती चूक बाकीच्या सात-आठ झाडांवर जशीच्या तशी उतरली होती. वर्गणीही न विचारता पुढच्या काळासाठी कापली गेली.

नागरिकत्वाच्या कागदांवर माझी मोठी भिस्त होती. सप्टेंबर १९०६नंतरच्या अर्जांत जन्मगाव, जहाज, तारीख सगळं असतं. त्याआधीच्या बहुतेक अर्जांत राणी व्हिक्टोरियाशी निष्ठा सोडल्याचं कळतं आणि गाडी परत ‘इंग्लंड’वर येऊन थांबते. बायकांचे स्वतंत्र अर्ज तर १९२२च्या आधी क्वचितच, कारण नवरा नागरिक झाला की तीही झाली.

आज कुणी सुरू करणार असेल तर माझा सल्ला असा. अमेरिकेची सगळी बाजू फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट उरकून घ्या. सगळ्या मुलांची वयं आणि जन्मस्थळं एका कागदावर उतरवा. इंग्लंडच्या गणनेची मूळ पानं बहुतेक पैशाच्या साइटींवरच असतात, म्हणून वर्गणी अगदी तेव्हाच, एका महिन्यापुरती घ्या आणि घेतल्या दिवशीच तिचं आपोआप नूतनीकरण बंद करा. त्याआधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी अशा साइटी तिथल्या संगणकावर फुकट उघडतात. आमच्या गावातल्या ग्रंथालयात उघडतात, हे मला वर्गणी कापली गेल्यावर तिथल्या बाईंनी सांगितलं.