पाणी तपासायची पेटी शाळेसाठी घ्यावी का?

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात, त्याच धाटणीची शंभरेक चाचण्यांची पेटी शाळांनाही विकत मिळते. सातवी ते दहावीच्या वर्गासाठी ती घ्यावी. अट एकच: पाणी मुलांच्या वाडीतल्या विहिरीचं हवं. शाळेच्या नळाचं पाणी तपासून काय निघालं, याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं. आगरातली विहीर उन्हाळ्याच्या तोंडावर मचूळ व्हायला लागली की मात्र ती किती मचूळ झाली हे घरची आजीसुद्धा विचारते.

पेटीचे पैसे वसूल होतात ते क्लोराइडच्या, म्हणजे खारेपणाच्या, चाचणीत. कोकणपट्टीसाठी तीच सगळ्यात कामाची. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं. मग सिल्व्हर नायट्रेट एकेक थेंब मोजत सोडायचं आणि दर थेंबाला बाटली गोल फिरवायची. विटकरी छटा आली आणि फिरवूनही गेली नाही की थांबायचं. थेंबांची संख्या पत्रकातल्या आकड्याने गुणली की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्लोराइड ते कळतं.

मुलं चुकतात ती दोन ठिकाणी. पहिला थेंब पडतो तिथे क्षणभर लाल डाग दिसतो आणि घाईतलं मूल तिथेच थांबतं. आकडा कमी येतो. दुसरं मूल पाणी चांगलं लालभडक होईपर्यंत थेंब सोडत राहतं, आकडा वाढतो. यावर उपाय म्हणजे शेजारी फक्त क्रोमेट घातलेली पिवळी बाटली ठेवायची, मागे पांढरा कागद धरायचा आणि दोन्ही बाटल्या सारख्या दिसेनाशा झाल्या की थांबायचं. थेंबाची बाटली उभी धरली नाही तर थेंब लहानमोठे पडतात. हवेचा बुडबुडा घेऊन येणारा पहिला थेंब बाहेर टाकून द्यावा.

पेटी खरं बोलते का, हे वर्गातच ताडून बघता येतं आणि आमच्या मते सगळ्यात चांगला तास हाच होतो. ५ ग्रॅम मीठ १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा १ लिटर करा. मिठाच्या वजनात सुमारे ६१ टक्के क्लोराइड असतं, म्हणून या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. एका थेंबाचे २० मिलिग्रॅम धरले तर १५ थेंब. एका गटाला १४ आणि दुसऱ्याला १६ आले तर दोन्ही बरोबर. २२ आले तर हात चुकला किंवा औषध जुनं झालं. एका थेंबाच्या फरकाने २० मिलिग्रॅम इकडचे तिकडे होतात हे कळलं, की २५० ची मर्यादा ओलांडली असं छातीठोकपणे कधी म्हणायचं आणि कधी नाही, हे मुलं आपणहून बोलायला लागतात.

२५० ही भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. शंभर कळश्या गोड्या पाण्यात दोनच कळश्या खारं पाणी शिरलं तरी आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो. हे गणित फळ्यावर मांडून मगच विहिरीवर जावं. खाडीकाठची एक, मधल्या वाडीतली एक आणि वर कातळावरची एक, अशा तीन विहिरी पुरेत. ऑक्टोबर, जानेवारी आणि परीक्षेआधीचा एप्रिल अशा तीन फेऱ्या होतात. जमलं तर खाडीकाठच्या विहिरीचं पाणी अमावास्येच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला (भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा) वेगवेगळं घ्यावं. कठडा नसलेली विहीर यादीत घेऊच नये.

जिवाणूंसाठी जी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइडची) बाटली येते, ती मुलांच्या मनावर सगळ्यात जास्त ठसते. पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची; काळी पडली तर पाण्यात विष्ठेतून आलेल्या जिवाणूंची शक्यता धरायची. झाकणाच्या आत बोट लागलं की निकाल बाद, म्हणून तुलनेसाठी उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली सोबत ठेवावीच. आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. खाजणालगतच्या विहिरीत मुळातच गंधक असेल, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर बाटली जिवाणू नसतानाही लगेच काळी पडते. आणि विहिरीत कालच टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकलेलं असेल तर ती काळी पडणार नाही. जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याला) तारीख विचारून वहीत लिहावी. काळी बाटली मुलांनी उघडायची नाही. शिक्षकांनी तीत ब्लिचिंग पावडरचं पाणी ओतून मग टाकावी.

पाण्यात उरलेल्या क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी विहिरीवरच, शिक्षकांच्या हातून. ते औषध विषारी आहे, आणि वर्गात पाणी आणेपर्यंत क्लोरीन उडून जातो. मात्र त्याला जोडून दहावीचं घनफळ छान येतं: ३ मीटर व्यास, २ मीटर पाणी, म्हणजे सुमारे १४,१०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर धरली तर ३५ ग्रॅम. मुलांनी आकडा काढायचा, पावडर जलसुरक्षकानेच टाकायची.

नायट्रेट आणि लोहाच्या रंगपट्ट्या कामचलाऊ आहेत. ट्यूबलाइटखाली एक छटा, अंगणात दुसरी. वेगळे पैसे मोजून त्यांचे रिफिल घेऊ नयेत.

पेटीत नसतं ते टाकाऊ पाण्याचं भांडं. क्रोमेट विषारी, चांदीचं औषध अंगावर आणि गणवेशावर काळे डाग पाडतं. हातमोजे हवेत, आणि वापरलेलं द्रावण झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवायचं. विहिरीच्या पाळीवर किंवा माडाच्या आळ्यात कधीच नाही.

तिन्ही फेऱ्यांचा एक तक्ता करावा: विहीर, तारीख, भरती-ओहोटी, थेंब, आकडा, तपासणाऱ्या दोघांची नावं. पहिल्या दोन फेऱ्यांचे आकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावेत. तिथे जाब विचारणारे असतात, म्हणून मुलं तोच नमुना तीनदा तपासतात. बाटली काळी पडली असेल तर तेच पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची मागणी तिथेच करावी.

खरेदी पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर करा. जूनमध्ये घेतलेल्या पेटीत कठीणपणाच्या चाचणीची भुकटी दमटपणाने गठ्ठा होते. बाटल्यांवरची मुदत बघून घ्या, सिल्व्हर नायट्रेट काळ्या बाटलीतच ठेवा, आणि एचटूएसच्या दहा बाटल्या जादा मागवा. पहिल्या फेरीत तीन-चार तरी बोट लागून वाया जातात.