कागद सगळे खरे होते: क्यूबेकच्या कॉलेजातून पीआर देणाऱ्यांपासून सावध

माझ्या धाकट्या भावाला मिळालेलं प्रवेशपत्र खरं होतं. कॉलेज खरं होतं. मॉन्ट्रियलमधल्या एका इमारतीच्या दोन मजल्यांवर का होईना, पण होतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या सरकारचं पत्र खरं, कॅनडाचं स्टडी परमिटही खरं. खोटं होतं ते फक्त तोंडी सांगितलेलं, की या कोर्सनंतर पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळतो; आणि आम्ही पैसे मोजले ते नेमके त्या तोंडी सांगितलेल्या गोष्टीसाठी. परदेशी शिक्षणातल्या फसवणुकीच्या बातम्या वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बनावट ऑफर लेटर येतं. 2023 मध्ये पंजाबातल्या मुलांचं जे प्रकरण गाजलं, त्यात तसंच होतं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं, म्हणूनच पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "यातला बनावट कागद कुठला ते दाखवा," तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं.

भाऊ मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरीला होता. 2023 च्या सुरुवातीला मित्राच्या ओळखीने तो सांगलीतल्या एका कन्सल्टन्सीत गेला. तिथल्या सरांचं म्हणणं असं: ओंटारियो प्रांतात आता गर्दी झालीय, क्यूबेकला फ्रेंचच्या भीतीने कोणी जात नाही, म्हणून तिथेच पीआर सोपा. कोर्स मात्र इंग्रजीतून. एईसी नावाचा, कॉलेजच्या प्रमाणपत्राचा, दोन वर्षांचा. मग फळ्यावर बाण काढले. कोर्स, त्यापुढे तीन वर्षांचं वर्क परमिट, त्यापुढे एक वर्ष नोकरी, त्यापुढे 'पीईक्यू' ही प्रांताची योजना आणि शेवटी पीआर. बाबांना ते 'काका' म्हणायचे, आईला 'काकू', आणि चहा आल्याशिवाय फीचा विषय काढायचे नाहीत. कौन्सेलिंग फुकट. प्रत्येक प्रवेशामागे कॉलेज एजंटला कमिशन देतं, म्हणून ते फुकट असतं, हे त्या टेबलावर कोणी बोलत नाही. प्रोसेसिंगचे पैसे वेगळे घेतले, तेही अर्धे रोख.

पहिल्या वर्षाची फी पंधरा हजार डॉलरच्या आसपास होती. तासगावकडची जमीन तारण ठेवून कर्ज काढलं.

आता त्या फळ्यावरच्या बाणांकडे या. ते बाण काढले त्या दिवशीच त्यातले बहुतेक चुकीचे होते, आणि ते चुकीचे असल्याचं जाहीर झालेलं होतं.

पहिला बाण वर्क परमिटचा. जून 2022 मध्ये क्यूबेक आणि कॅनडा सरकारने एकत्र जाहीर केलं होतं की 1 सप्टेंबर 2023 पासून खासगी कॉलेजांतल्या विनाअनुदानित कोर्सना नव्याने बसणाऱ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, मिळणार नाही. कारणही उघड होतं. शिकवण्यापेक्षा वर्क परमिट विकण्याचा धंदा तिथल्या काही कॉलेजांनी मांडला होता. त्याआधी 2020 च्या अखेरीस अशा दहा कॉलेजांच्या विद्यार्थ्यांचे अर्ज क्यूबेक सरकारने चौकशीसाठी थांबवले होते, आणि 2022 च्या सुरुवातीला क्यूबेकमधली तीन कॉलेजं कर्जात बुडून बंद पडली तेव्हा आपली शेकडो मुलं फी भरून रस्त्यावर आली होती. ओटावातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला त्याबद्दल पत्रक काढावं लागलं. याच धंद्यात बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, हे मी मानायला तयार नाही. भावाचा कोर्स सुरू झाला सप्टेंबर 2023 मध्ये. त्याच कॉलेजात, त्याच कोर्सला मे महिन्यात बसलेल्यांना परमिटचा हक्क राहिला, याला नाही.

दुसरा बाण पीईक्यूचा. 'प्रोग्राम द लेक्स्पेरियान्स केबेक्वाज' नावाची ही योजना 2010 सालची. क्यूबेकमध्ये शिकलेल्यांना किंवा काम केलेल्यांना लवकर निवडून घेण्यासाठी होती. एके काळी पदवी आणि फ्रेंच एवढ्यावर काम व्हायचं. 2020 च्या उन्हाळ्यात नियम कडक केले, नोकरीचा अनुभव घातला. पण मुद्दा त्याहून साधा आहे. पदवीधरांच्या या योजनेत कुठली प्रमाणपत्रं चालतात त्याची यादी होती: विद्यापीठाच्या पदव्या, तांत्रिक डीईसी (कॉलेजचा डिप्लोमा), ठरावीक तासांचा डीईपी (व्यवसाय-शिक्षणाचा डिप्लोमा). एईसी त्यात नव्हताच. भावाने जो कोर्स घेतला, तो या योजनेत कधी बसणारच नव्हता. आणि योजनेत जायला बोली फ्रेंच सातव्या पातळीची लागायची, म्हणजे युरोपीय मोजणीत बी-टू. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेल्या कोणालाही विचारा, बी-टूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो. सर म्हणाले होते, "राहिला की येतंच." दिवसभर इंग्रजी वर्ग आणि संध्याकाळी गोदामात पंजाबी-गुजराती पोरांबरोबर काम, यात फ्रेंच कुठून येणार? सरकारचे मोफत वर्ग असतात, भावाने नावही घातलं. 2024 च्या शरदात पैसे संपले म्हणून त्यातले बरेच वर्ग बंद झाले.

तिसरी गोष्ट बाण नव्हे, आकड्यांचा कागद. महिन्याच्या खर्चाचं गणित सरांनी आठवड्याला चाळीस तास काम धरून मांडलं होतं, पुरी दोन वर्षं. विद्यार्थ्यांना कॉलेजबाहेर वीस तासांपेक्षा जास्त काम करण्याची मुभा नोव्हेंबर 2022 मध्ये दिली ती तात्पुरती होती. मुदत एकदा वाढवून ती 30 एप्रिल 2024 ला संपली, आणि पुढे मर्यादा चोवीस तासांवर ठरली. म्हणजे दुसऱ्या वर्षाचं सगळं गणित हवेतलं होतं. तो फरक इथून पाठवावा लागला.

सगळ्यात जास्त राग मला सीएक्यूच्या प्रसंगाचा येतो. क्यूबेकमध्ये शिकायचं तर कॅनडाच्या परमिटआधी प्रांताचं हे पत्र लागतं. ते आलं त्या दिवशी सरांनी आई-बाबांना ऑफिसात बोलावून पेढे दिले. "क्यूबेक सरकारने तुमच्या मुलाला घेतलं, पीआरची पहिली पायरी झाली." बाबांनी तो कागद देवाजवळ ठेवला. प्रत्यक्षात ते शिकायला येऊ द्यायचं पत्र, ठरावीक मुदतीचं, त्यापलीकडे काही नाही. कायम राहायला प्रांताचं जे पत्र लागतं ते सीएसक्यू, त्याचा अर्ज वेगळा, अटी वेगळ्या. दोन्ही फ्रेंचमध्ये, दोन्हीवर क्यूबेकचं चिन्ह. आमच्या घरात कोणाला कळणार?

भावाला हे तिथे पोचल्यावर मॉन्ट्रियलच्या पार्क-एक्स्टेन्शन वस्तीतल्या खोलीत कळलं. जुन्या एका मुलाने विचारलं, कोर्स कधीचा? सप्टेंबर ऐकल्यावर तो गप्प बसला आणि मग त्याने सरकारी पान उघडून दाखवलं. भावाने त्याच रात्री सरांना फोन लावला. ते म्हणाले, काळजी करू नको, एक्स्प्रेस एन्ट्री (कॅनडाच्या केंद्र सरकारची पीआरची योजना) आहेच. हीसुद्धा थाप. 1991 च्या करारापासून क्यूबेक आपले आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतं, आणि केंद्राची एक्स्प्रेस एन्ट्री क्यूबेकबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या प्रांतात जाऊन नोकरी करायची तर वर्क परमिट हवं, आणि तेच तर मिळणार नव्हतं.

इथे न्यायाने एक सांगते. पुढे जे झालं ते सगळं त्या माणसाच्या माथी मारता येणार नाही. ऑक्टोबर 2024 च्या शेवटी क्यूबेकने पीईक्यूचा पदवीधरांचा मार्ग थांबवला, आणि 19 नोव्हेंबर 2025 ला ती योजनाच बंद केली. चांगल्या विद्यापीठात शिकलेली, फ्रेंच आलेली, प्रामाणिक मुलंही त्यात अडकली. हे 2023 मध्ये कोणीच सांगू शकलं नसतं. पण आता झालंय असं की जो तो एजंट या बंदीमागे लपतो. आमचे सरही हेच ऐकवतात, "सरकारने नियम बदलला ताई, आम्ही काय करणार?" मी त्यांना तारखा वाचून दाखवल्या. ज्या नियमाने भावाचं परमिट गेलं तो त्यांनी आमचे पैसे घेतले त्याच्या किती तरी महिने आधी जाहीर झाला होता. त्यावर ते म्हणाले, करारात पीआरचा शब्द कुठे आहे?

खरंच नव्हता. करारात होतं 'प्रवेश व व्हिसासाठी सहाय्य'. म्हणून माझं सांगणं एवढंच की फळ्यावर जे काढून दाखवतात ते त्यांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह लिहून मागा: या कॉलेजच्या या कोर्सनंतर पीजीडब्ल्यूपी मिळतं. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की उठा. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर आहे. त्यात कॉलेजचं नाव सापडलं म्हणून खूश होऊ नका, पीजीडब्ल्यूपीचा रकाना बघा आणि कोर्स अनुदानित आहे का ते कॉलेजला थेट ईमेलने विचारा. अर्जाचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. भावाचं एजंटच्या ईमेलवर होतं, पासवर्ड मागायला आम्हाला वकिलाची नोटीस लागली. कोणी 'लायसन्सवाला' म्हणवत असेल तर कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची (तिच्याही नावात 'कॉलेज' आहे) नोंदवही नावाने शोधता येते, आणि क्यूबेकच्या कामासाठी प्रांताची स्वतंत्र नोंदवही आहे. दोन्हीत नाव हवं.

भाऊ कोर्स पुरा करून 2025 मध्ये परत आला. हप्ते चालू आहेत. पोलिसांनी प्रकरण दिवाणी म्हणून बाजूला ठेवलं, तेव्हा आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती जिल्ह्यातच होते, पण फसवणूक कळल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि आम्ही अगदी कडेला होतो. आमच्याकडे पावत्या होत्या, खर्चाचा तो चाळीस तासांचा कागद होता आणि भावाने सुदैवाने न पुसलेले सरांचे व्हॉइस मेसेज. आमचे वकील म्हणतात, एकाच ऑफिसाच्या दोन-चार तक्रारी एकत्र आल्या तर 'तोंडी काही बोललोच नाही' हा बचाव टिकवणं त्यांना जड जाईल. सांगली, मिरज, इस्लामपूर भागातून 2023 मध्ये मॉन्ट्रियलला गेलेल्या कोणाच्या घरी असे मेसेज असतील तर फोन बदलताना ते जपून ठेवा आणि तारीख मोजा.