बेळगावात रीफ टँक: तिन्ही ऋतू काढल्यावर

रीफ टँक म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. माझी तीन फुटी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटरच्या आसपास. घेताना ज्यानं त्यानं बजावलं होतं, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या, नाहीतर मेमध्ये सगळं उकडून निघेल. मुंबईत असेल तसं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथं उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो. पाण्यावर तिरका लावलेला पंखा पुरला, पाणी २८ अंशांच्या वर गेलं नाही. हीटर मात्र चांगला घ्या, थंडीत त्याच्याशिवाय काही खरं नाही.

पंखा लावला की पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. १.०२५ वर असलेली घनता हळूहळू चढते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच. हातानं करायचं म्हटलं तर गणपतीला गावी जाणंही बंद. ऑटो टॉप-ऑफ बसवला, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र; पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते त्याचेच.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही. पिण्यासाठी त्यात थोडे क्षार ठेवलेले असतात, इथं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य लागतो. आरओच्या पुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडा. वाया जाणारं पाणी आमच्याकडे नारळाला जातं. ‘चोर्ला घाटातून गोव्याला जाता तर समुद्राचं पाणीच कॅन भरून आणा की,’ असं पाहुणे सांगतात. किनाऱ्याजवळच्या पाण्यात बोटींचं तेल, सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गोडं पाणी. त्यापेक्षा पाकिटातलं मीठ बरं. पंधरवड्याला वीस लिटर बदलतो, त्याला पाऊण किलोच्या आसपास मीठ लागतं.

सुरुवातीचे चार-सहा आठवडे माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत नुसते दगड बघत बसायचं. मग काचेवर तपकिरी थर येतो, तो आपोआप जातो.

खरी परीक्षा जुलैत. झड लागली की खिडक्या बंद, घरात माणसांचा कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच (पाण्याची आम्ल-अल्कता) ७.८ पर्यंत घसरतो. उपाय म्हणजे चुन्याची निवळी, अर्थात पानाच्या डबीतल्या चुन्याची नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. रात्री थेंब थेंब सोडायची, एकदम ओतली तर मासे गेलेच समजा. पीएच सावरतो, कॅल्शियमही मिळतं. दमट हवेत पाणी कमी उडतं, त्यामुळे निवळीही कमीच घालता येते. तेवढ्यासाठी एक खिडकी बोटभर उघडी ठेवतो, आई कितीही ओरडली तरी. वाऱ्यात लाईट गेली की वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) थांबतो आणि ऑक्सिजन घटायला लागतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

कडक प्रवाळ घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. कुणी ‘मिळवून देतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. माझ्याकडे मशरूम, थोडे झोअँथस (दोन्ही मऊ प्रवाळ) आणि क्लाउनफिशची जोडी आहे. झोअँथसमध्ये विष असू शकतं, हातमोजे घालूनच हात लावा. स्किमरची (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राची) घरघर हॉलमध्ये ऐकू येते, झोपायच्या खोलीत टाकी ठेवू नका.