चार ‘नवे’ इंजेक्टर, ६४,४०० रुपये आणि तीच थरथर

जुनी डिझेल एसयूव्ही वापरणाऱ्यांनी हे वाचाच. माझी गाडी १२ वर्षांची. सिग्नलला थांबली की स्टिअरिंग थरथरायचं, आरशात मागचं धड दिसायचं नाही. पळताना मात्र ठीक. गॅरेजवाल्याने आधी इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बदललं, ७,२०० रुपये. फरक शून्य. मग स्कॅनर लावून म्हणाला, “साहेब, चारही इंजेक्टर गेले.” म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग. प्रत्येकी १४,५०० प्रमाणे ५८,०००, मजुरी ४,५००, ट्यूनिंगचे १,९००.

दुसऱ्याला का दाखवलं नाही म्हणाल. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, गाडी दारात हवीच. आणि या माणसाकडे मी सहा वर्षं जात होतो.

गाडी ताब्यात घेतली ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. तो सीटवर बसून इंजिन चालू ठेवून दाखवत होता, “बघा, आवाज तरी येतो का!” काटा ११०० आरपीएमवर. माझी गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू असताना, ८०० च्या आसपास असते, हे मला पाठ आहे. म्हणजे थरथर लपवायला त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. मी काटा पाहिला आणि गप्प बसलो. जुने इंजेक्टर मागितले, तर “एक्स्चेंजमध्ये गेले, म्हणून तर स्वस्तात बसलं.” तेही ऐकून घेतलं. नव्यांचे खोके कुठे आहेत, एवढंसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सिग्नलला तीच थरथर.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने रिटर्न टेस्ट केली. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपखाली बाटल्या लावायच्या, इंजिन आयडलला ठेवायचं आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त येतं ते बघायचं; ज्याच्या बाटलीत जास्त, तो इंजेक्टर गळका. चारही बाटल्या सारख्या. इंजेक्टर बदला म्हणणाऱ्याकडून आधी ही टेस्ट समोर करून घ्या. दोष होता ईजीआर व्हॉल्व्हचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा: काजळीने उघडाच अडकलेला. सफाई आणि गॅस्केट मिळून १,९५० रुपये!

त्याने आणखी एक दाखवलं. माझ्या गाडीत प्रत्येक इंजेक्टरवर कोड छापलेला असतो, नवा बसवला की तो ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. ईसीयूतले चारही कोड इंजेक्टरवरच्या कोडशी जुळले, आणि ते कंपनीतून गाडी निघाली तेव्हाचेच. माझेच इंजेक्टर पुसून परत बसवले होते. काम द्यायच्या आधी या कोडचे फोटो काढून ठेवा.

पोलीस चौकीत गेलो. “हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक आयोगात जा.” जुना माल नवा म्हणून विकणं फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? लेखी अर्ज दिला, पोच द्यायला तयार नाहीत. तीन फेऱ्या मारल्या. दर वेळी साहेब बंदोबस्ताला. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. एका तक्रार कक्षाने नंबर दिला आणि अकराव्या दिवशी मेसेज आला: तक्रार निकाली. कोणी निकाली काढली, कशी? मला एक फोनसुद्धा नाही. वडिलांचं डायलिसिस सांभाळून मी फिरतोय आणि हे लोक मला एकमेकांच्या दारात पाठवतायत.

जिल्हा ग्राहक आयोगात, आपण कामासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. तिथे दाखल करतोय. पण पक्कं बिल घ्या, जीएसटी नंबर आणि पार्ट नंबरसह. माझ्याकडे आहे ती चिठ्ठी. तिच्यावर लिहिलंय, “इंजिन काम – ६४,४००”.