तिकीट हुकलं तर अपक्ष? ‘शहर मध्य’च्या दोन लढती शेजारी ठेवून

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या एका मित्राला आमदारकीचे वेध लागलेत. पक्षाचा भरवसा नाही, म्हणून ‘नाही दिलं तिकीट तर अपक्ष!’ हे चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ठरलेलं. त्याला दाखवायला सोलापुरातच उदाहरण आहे. माजी महापौर महेश कोठे यांनी सोलापूर शहर मध्य हा विधानसभा मतदारसंघ २०१४ ला शिवसेनेकडून लढवला आणि २०१९ ला अपक्ष. उमेदवार तोच, गल्ल्या त्याच, समोर काँग्रेसच्या प्रणिती शिंदेही त्याच.

२०१४ मध्ये कोठे काँग्रेस सोडून सेनेत आले होते. हातात धनुष्यबाण होता, पण युती ऐनवेळी तुटल्याने भाजपचा उमेदवार वेगळा उभा. त्यात एमआयएमच्या तौफिक शेख यांनी जोर धरला. शिंदे सुमारे ४७ हजार, शेख ३७ हजार, कोठे ३३ हजार.

२०१९ ला युती झाली, जागा सेनेकडेच राहिली, पण तिकीट मिळालं काँग्रेसमधून आलेल्या दिलीप माने यांना. कोठे अपक्ष उतरले आणि त्यांनी सुमारे ३० हजार मतं घेतली. मानेंना २९ हजार. शिंदे ५१ हजारांवर निवडून आल्या, एमआयएमचे फारूक शाब्दी दुसरे.

मित्र नेमका इथेच थांबतो. ‘बघ, धनुष्यबाण गेला तरी फक्त तीनेक हजार मतं कमी झाली!’ आकडा खरा आहे, अर्थ मात्र त्याने सोयीचा लावलाय. ती ३० हजार मतं अपक्षाची नव्हती, कोठेंची होती. वडील विष्णुपंत कोठेंपासून महापालिकेच्या राजकारणात मुरलेलं घराणं, वॉर्डावॉर्डात माणसं. चिन्ह बदललं तरी घरातली कुणीतरी बाई ‘आपला माणूस’ म्हणणारच. आमच्या मित्रामागे दोन गणेश मंडळं आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

चिन्हाचं महत्त्व मला विडी वळणाऱ्या एका आजींनी शिकवलं. एका अपक्षाच्या चिठ्ठ्या वाटत दारात उभा होतो. मांडीवर सूप, त्यात पत्ती आणि जर्दा. हात क्षणभरही थांबला नाही. उमेदवाराचं नाव, शिक्षण, काम, सगळं सांगून झालं. आजींनी एकच विचारलं, ‘गुर्तु एमि?’ तेलुगूत म्हणजे चिन्ह काय. चिन्ह तोवर मिळालंच नव्हतं. मी आपलं ‘उद्या सांगतो’ म्हणून पुढच्या दारी गेलो.

अपक्षाची खरी गोची इथेच आहे. त्याला चिन्ह मिळतं माघारीनंतर. २०१९ मध्ये माघारीची मुदत ७ ऑक्टोबरला संपली आणि प्रचार १९ ला थांबला. एवढ्या दिवसांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या वस्त्यांत नवं चित्र ओळखीचं करायचं. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, अपक्ष सगळ्यांत शेवटी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारा त्याच मतदारसंघातला मतदार, पुरतो; अपक्षाला दहा लागतात. अनामत दोघांना सारखीच, खुल्या गटात दहा हजार; एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर तीही गेली. खर्चाची मर्यादाही दोघांना ४० लाखच, पण स्टार प्रचारकाच्या प्रवासाचा खर्च पक्षाच्या खात्यात टाकायची सोय अपक्षाला कुठली?

मग तिकीट असलं की झालं का? तसंही नाही, २०१४ हाच त्याचा पुरावा. चिन्ह असूनही कोठे तिसरेच राहिले, कारण मतं चार-पाच ठिकाणी फुटली. २०२४ ला त्यांचेच पुतणे देवेंद्र कोठे भाजपच्या कमळावर याच जागेवरून एक लाखाच्या वर मतं घेऊन निवडून आले. आडनाव तेच, पण महायुतीचा उमेदवार एकच आणि बंडखोरीचा फटका नाही. माझ्या मते चिन्हापेक्षाही हे जास्त मोलाचं. मित्राने पक्षाकडे तिकिटाबरोबरच ‘दुसरा कोण उभा राहणार?’ हेही विचारावं. दोन उत्तरं एकत्र मिळत नसतील, तर आधी महापालिकेचा प्रभाग लढवावा. तिथे अपक्षालाही दारोदार पोहोचता येतं.

त्याला हे पटलेलं नाही. म्हणून मी सांगितलं, आधी दहा सूचकांची नावं लिहून आण. काल यादी घेऊन आला. सहा नावं होती, त्यातल्या दोघांचं मतदान शहर उत्तरमध्ये.